नाडीखालची जागा

बावधनच्या टेकडीवर गवत पिकलं
की माझ्या पिशवीत तीन वस्तू वाढतात :
चिमटा, भिंग,
पांढऱ्या फ्लॅनेलचा हातभर तुकडा.

गवत कापणाऱ्या बाया म्हणतात,
"आली गं, उवा बघणारी."
म्हणू दे.
मी फडकं गवतावरून ओढत नेते
निजलेल्या पोराचं पांघरूण काढावं तितक्या हळू,
आणि उलटं करून दाखवते :
हे कुसळ. हे बी. हेही कुसळच.
आणि हे तिळाएवढं,
हे चालतंय.

मग हसणं थांबतं. थोडा वेळ.

कार्तिकात झुंबरबाई वाघमोडे तापली.
पहिल्या दिवशी म्हणाली, उन्हानं.
दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल दोन भारे जास्त झाले.
तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही.
डेंगी तपासला, निघाला नाही.
टायफॉईडच्या कागदावर डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढलं
आणि गोळ्या बदलल्या.
पाचव्या दिवशी तळहातावर, तळपायावर लाल ठिपके.
सून म्हणाली, अंगात देवी आल्या,
आणि दाराला कडुलिंब बांधला.

अंगावर कुठं काळी खपली आहे का?
"न्हाई."
बघू?
"न्हाई."
दवाखान्यात तपासायची जागा म्हणजे एक पडदा,
पडद्याच्या तीन कड्या तुटलेल्या.
तिथं तिनं हात दाखवले होते, जीभ दाखवली होती.

मी सुनेला चहाला पाठवलं.
दार लोटलं, त्याला पाटा लावला.
खूप वेळ आम्ही म्हशींबद्दल बोललो.
मग तिनं स्वतःच गाठ सोडली.

तीस वर्षं एकाच जागी बांधलेल्या नाडीनं
कातडीत वाट पाडली होती,
आणि त्या वाटेवरच, डाव्या कुशीला,
काळी खपली, भोवती लाल कडं.
"बिब्बा उतलाय," ती म्हणाली.
बिब्बा कधी लावला?
ती आठवत राहिली.

गोचीड कुणाची लाज बघत नाही.
त्याला हवी असते ऊब,
आणि अशी जागा, जिथं कुणी बघत नाही.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला,
स्वतःच्याच. गोळी बदलली.
तिसऱ्या दिवशी झुंबरबाईनं भाकरी मागितली,
वर शिळी का म्हणून भांडली.

हे मी छान गोष्टीसारखं सांगते आहे.
पण त्याच्या आदल्या वर्षी गोठ्यावरचा भिवा
असाच नऊ दिवस तापून ससूनला गेला
तो परत आला नाही.
त्या नऊ दिवसांत मी चार वेळा त्याच्या दारात गेले,
पाण्याची पिंपं उपडी केली,
डासांच्या अळ्या मोजल्या,
वहीत बरोबरच्या खुणा केल्या.
त्याचा सदरा एकदाही वर करायला सांगितला नाही.
काय होतं त्याला, आता कुणाला कळणार.

यंदा बाया मोजे घालून कापतात.
समोरच्या टॉवरमधून आलेले जुने मोजे,
एक शाळेचा पांढरा, एक क्रिकेटचा निळा,
सलवार आत खोचलेली.
संध्याकाळी कपडे उकळत्या पाण्यात,
आणि न्हाणीमागे एकमेकींची मान, काख, कानामागं, नाडीखाली.
झुंबरबाई ओरडते :
"बिडीचा चटका कशाला देतीस, येडे?
नखानं चिरडू नगं. चिमट्यानं कातडीजवळ धर,
सरळ वर वढ. पिळू नगं, ते काय धुणंय?"
हे मी शिकवलं होतं, पण
माझ्या तोंडून इतकं कधी ऐकलं गेलं नव्हतं.

मी वही मिटली, निघाले.
"तुजं कोन बघतं गं?"

कोथरूडच्या खोलीत एक आरसा आहे.
आरशात पाठ दिसत नाही,
दिसली तरी निम्मी.
हे मी बोलले नाही.

तिनं भिंग हातात घेतलं, पदराला पुसलं.
"वळ," म्हणाली.

वळले.